चौकशी समितीच्या बाई

"आधी बस. मग बोल."

बाई हे म्हणायच्या आणि स्वतः उठून भिंतीजवळची खुर्ची टेबलासमोर ओढून आणायच्या. ज्याच्यासाठी खुर्ची यायची तो पोरगा आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं बघत राहायचा. बसावं की न बसावं, हे त्याला कळायचं नाही. मग बाई म्हणायच्या, "बस की. खुर्ची चावत न्हाई."

आमच्या कॉलेजात बाईंच्या आधी कुणावर आरोप झाला की त्याला चौकशी समितीपुढं 'उभं करायचं' अशी बोलण्याची पद्धत होती, आणि खरोखरच उभं करत असत. समितीची पाच-सहा माणसं पंख्याखाली बसलेली आणि पोरगं दाराजवळ, हात मागं बांधून. पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "सांग, काय केलंस?" त्याच्यावर आरोप काय आहे, तक्रार कुणी केली आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसायचं. काही पोरं बिचारी घाबरून भलतंच कबूल करायची. एकानं तर हॉस्टेलच्या मागं लपून सिगारेट ओढल्याचं सांगून टाकलं होतं. त्याला बोलावलं होतं ग्रंथालयाच्या पुस्तकांची पानं फाडल्याबद्दल.

बाई समितीच्या अध्यक्ष झाल्या तेव्हा मी नवीनच लागलो होतो. मराठी शिकवायचो. माझं अक्षर बरं आहे एवढ्या गुणावर मला समितीचा सचिव केलं गेलं. बाई भूगोलाच्या. मूळच्या चौसाळ्याच्या, शेतकऱ्याघरच्या. हमरस्त्यावर त्यांच्या भावाचं दुकान होतं. तालुक्याच्या गावी त्या एका घराच्या माडीवर भाड्यानं एकट्याच राहायच्या. वर्गात त्यांची भाषा अगदी पुस्तकातली असायची, पण समितीत समोर पोर बसलं की ती बदलायची. "कावून केलं रे?" असं त्या एखाद्या मावशीच्या आवाजात विचारायच्या आणि पोर तोंड उघडायचं. मी एकदा त्यांना विचारलं, "मुद्दाम बोलता का असं?" तर म्हणाल्या, "मुद्दाम तर मी वर्गात बोलते, सर. हीच माझी भाषा हाय."

त्या आधी तक्रार मोठ्यानं वाचून दाखवायच्या. मग दार लावून घ्यायच्या, कारण आतलं बोलणं चहा येण्याआधी कँटीनमध्ये पोचतं हे त्यांना माहीत होतं. मग एकेकाला वेगळं बोलवायच्या. आणि प्रत्येकाला तेच सांगायच्या, "झालेलं सांग. वाटलेलं नंतर."

तुम्ही कधी अशा चौकशीत बसला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, लोक झालेलं फार थोडं सांगतात. "तो पहिल्यापासूनच तसला हाय," "त्याच्या डोळ्यांतच दिसत होतं," असं सांगतात. बाई त्यावर मान डोलवायच्या आणि माझ्याकडं बघून म्हणायच्या, "सर, अजून काही लिहू नका. अजून काही झालेलं न्हाई."

एकदा परीक्षेत एका मुलाकडं चिठ्ठ्या सापडल्या. इतक्या बारीक अक्षरात लिहिलेल्या की मुंग्यांची रांग वाटावी. बाईंनी एक चिठ्ठी त्याच्या हातात दिली. "वाच."

त्यानं ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, उजेडाकडं फिरवली. शेवटी म्हणाला, "न्हाई वाचता येत, मॅडम."

"मग एवढा उद्योग करून मिळवलंस काय?"

पोरगा हसला. आम्हीही हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याचा तो पेपर रद्द करायची शिफारस केली आणि त्याला स्पष्ट सांगितलं, "हसले सगळे म्हणजे सोडलं असं न्हाई." पण बाकीच्या पेपरांना त्याला बसू दिलं. प्राचार्यांना सगळीच परीक्षा रद्द करायची होती. बाई म्हणाल्या, "गुन्हा एका पेपरात झाला. शिक्षा सगळ्या पेपरांना कावून?"

आणखी एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर आहे. मारामारी केलेल्या एका मुलाच्या वडलांना बोलावलं होतं. ते आत आले, मुलाला खुर्चीत बसलेलं पाहिलं आणि काही ऐकून घ्यायच्या आत त्यांनी त्याच्या कानाखाली वाजवली. "मास्तरांपुढं बसतो बे?" बाई ताडकन उठल्या. "मी बसवलंय त्याला. इथं हात उचलायचा न्हाई. घरीबी उचलू नये, पण घर माझ्या हद्दीत येत न्हाई." मग बाईंनी त्या बाप्यासाठीही खुर्ची ओढली.

अशा बाईंच्या हातून एक मोठी चूक झाली. मला खरं तर तेच सांगायचं आहे.

आमच्या हॉस्टेलमध्ये वैभव नावाचा पहिल्या वर्षाचा मुलगा होता. बारीक, भित्रा, घरची फार आठवण काढणारा. एका रविवारी दुपारी सीनियर मुलांनी पहिल्या वर्षाच्या पोरांना एका खोलीत जमवलं. कुणाला गाणं म्हणायला लावलं, कुणाला नाचायला. वैभवला एकावर एक रचलेल्या लोखंडी पेट्यांवर उभं राहून भाषण करायला लावलं. पेटी सरकली. तो खाली फरशीवर आपटला आणि त्याचा कोपर मोडला. त्याला अंबाजोगाईच्या दवाखान्यात हलवलं, ऑपरेशन करून हातात सळई घातली.

दवाखान्यात त्यानं एकच नाव घेतलं, अंकुशचं.

अंकुश तिसऱ्या वर्षाला होता. नांदूरघाटचा. अबोल, वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, पण प्रयोगशाळेत कुणाचं काही बिघडलं की त्यालाच हाक मारायचे. त्याच्याविषयी आजवर एकही तक्रार नव्हती.

बातमी पेपरात आली. नावासकट आली. रॅगिंगची तक्रार वरपर्यंत गेली होती आणि विद्यापीठातून रोज फोन येत होता, अहवाल कुठं आहे? गेटवर एका संघटनेची पोरं घोषणा देत उभी. प्राचार्य घामाघूम झाले होते. "बाई, आज निकाल लागलाच पाहिजे," ते म्हणाले. "तुमची ती एकेकाला बोलवायची पद्धत पुढच्या वेळी."

आणि बाईंनी ऐकलं. का ऐकलं, ते त्यांनाच ठाऊक. सभागृहात सगळ्यांना एकत्र बसवलं गेलं. वैभव हात गळ्यात अडकवून आलेला. खोलीतली बाकीची मुलं एका रांगेत. त्या रांगेत ओंकारही होता, संस्थेच्या एका संचालकांचा मुलगा. वैभवनं खाली मान घालून अंकुशचं नाव सांगितलं. बाकीच्यांनी माना हलवल्या.

बाईंनी अंकुशला विचारलं, "तू काय म्हणतोस?"

तो काही बोलला नाही.

"बोल ना रे. काही तरी बोल. तू होतास का तिथं?"

"होतो."

"मग? पेटीवर तू चढवलंस त्याला?"

त्यानं आपल्या पायांकडं बघितलं. मग म्हणाला, "मी तिथंच होतो, मॅडम. तुमी काय लिव्हायचं ते लिव्हा."

बाईंनी त्याला कबुली मानलं. मी लिहिलं, त्यांनी सही केली. अंकुशला हॉस्टेलमधून काढलं, वर्षभर कॉलेजात यायला आणि परीक्षेला बसायला बंदी केली. नोटीस फलकावर लागली, वर्गावर्गात वाचली गेली. गेटवरची पोरं घोषणा थांबवून घरी गेली. अंकुश त्याची पेटी घेऊन स्टँडवर गेला तेव्हा त्याला सोडायला कुणी गेलं नाही.

त्यानंतर स्टाफरूममध्ये कुणी त्या प्रकरणाचं कौतुक केलं, "बरा धडा शिकवला," असं म्हटलं, की बाई उठून खिडकीशी जायच्या. एकदा मला म्हणाल्या, "सर, त्यानं 'होतो' एवढंच सांगितलं होतं. बाकीचं मला वाटलं." मी म्हटलं, बाई, सोडा आता.

सत्र संपत आलं होतं. आम्ही दोघं समितीच्या खोलीत बसलो होतो, आणि वैभव दारात येऊन उभा राहिला. प्लास्टर निघालं होतं, पण हात सरळ होत नव्हता. बाईंनी त्याला बसवलं. तो बसला आणि रडायलाच लागला. बाईंनी त्याला पाणी दिलं आणि वाट पाहिली.

"अंकुशदादानं काय केलं न्हाई, मॅडम," तो म्हणाला. "तो बाहीरून आलता. सोडा रे त्याला, पडंल म्हणत होता. तवाच पेटी सरकली."

"मग चढवलं कुणी?"

"ओंकारनं."

"आणि दवाखान्यात तुला कुणी नेलं?"

वैभवनं तोंड झाकून घेतलं. "अंकुशदादानंच नेलतं. पाठुंगळी घेऊन पळाला रोडपतूर. मी त्याच्याच अंगावर ओकलतो."

मी लिहायचं थांबलो. बाईंनी मला खुणेनं सांगितलं, लिहा.

पुढचं त्यानं तुटक तुटक सांगितलं. ओंकार दवाखान्यात आला होता. कॉटशेजारी बसून म्हणाला होता, माझं नाव घ्यायचं नाही. कुणाचं तरी घ्यावंच लागलं तर अंकुशचं घे, तो बोलणार नाही. अंकुश का बोलणार नाही, ते सगळ्या हॉस्टेलला माहीत होतं. अंकुशचे वडील ओंकारच्या वडलांच्या जीपवर ड्रायव्हर होते.

"आता ओंकार मला गाडीवर फिरवतो, मॅडम. हॉटेलात नेतो. मला घास गिळत न्हाई."

बाईंनी त्याला एका शब्दानं रागावलं नाही. "उशिरा सांगितलंस, पण सांगितलंस. आता जेवत जा," एवढंच म्हणाल्या. तो गेल्यावर मात्र त्यांनी टेबलावर दोन्ही हात टेकले. मग म्हणाल्या, "सर, मी एका पोराचं वर्ष खाल्लं."

त्या तशाच उठून प्राचार्यांकडं गेल्या. मी मागं मागं. प्राचार्य वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना सगळ्यांची भीती वाटायची.

"बाई, फाईल बंद झाली आहे."

"फाईल बंद झाली, पण पोरगं उघड्यावर पडलंय."

"अहो, आपली समितीच चुकली असं आपणच विद्यापीठाला कळवायचं? आणि ओंकार कुणाचा मुलगा आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. अंकुश कुणाचा मुलगा आहे, ते मला आज कळलं. ते मी तेव्हाच विचारायला पाहिजे होतं."

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. "जरा विचार करू," म्हणाले. बाई म्हणाल्या, "करा. तोवर मी नांदूरघाटला जाऊन येते."

केजपर्यंत आम्ही एसटीनं गेलो, पुढं काळ्या-पिवळ्या जीपमध्ये दाटीवाटीनं. नांदूरघाटात विचारल्यावर कुणी तरी रफिकभाईंच्या गॅरेजकडं बोट दाखवलं. पत्र्याचं शेड, समोर दोन-तीन उघडे ट्रॅक्टर. अंकुश एका ट्रॅक्टरखाली झोपून काही तरी खोलत होता. फक्त पाय दिसत होते.

रफिकभाई पन्नाशीचे, दाढी पांढरी झालेली. त्यांनी हात पुसून स्टूल पुढं केलं. "बसा, मॅडम. पानी घ्या." आम्ही कॉलेजातून आलोय म्हटल्यावर त्यांचा चेहरा आखडला. "अजून काय राह्यलं हाय का? पोरगं लई गुणी हाय, मॅडम. तुमी काय बी म्हना."

बाई बसल्या नाहीत. अंकुश बाहेर आला. हातांना ग्रीस, कपाळावरही. बाईंना बघून तो तसाच उभा राहिला.

तिथं ट्रॅक्टर दुरुस्तीला घेऊन आलेली चार माणसं होती, शेजारच्या चहावाल्याकडची आणखी दोन. मला वाटलं, बाई त्याला बाजूला घेतील. त्यांनी घेतलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "अंकुश, तू त्या पोराला हात लावला नव्हतास. तू त्याला दवाखान्यात नेलंस. तुला नीट न विचारता मी शिक्षा दिली. माझी चूक झाली. ती सांगायला आलेय."

रफिकभाईंनी चालू असलेला कॉम्प्रेसर बंद केला.

अंकुशनं बाहीनं तोंड पुसलं. मला वाटत होतं, तो रडेल किंवा बाईंच्या पाया पडेल. त्यानं तसलं काही केलं नाही. म्हणाला, "पेपरात नाव आलतं माझं. आता हे छापतील का कोणी?"

"न्हाई छापणार," बाई म्हणाल्या. "मी जाईन तिथं सांगीन. तेवढंच माझ्या हातात हाय."

"बहिणीला बघायला आलते लोक. नाव वाचून माघारी गेले."

बाईंनी मान खाली घातली. त्यांना तसं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, "मी चौकशी परत उघडणार हाय. तुझ्यावरचं पुसणार. पण ओंकारचं नाव निघणार. तुझ्या वडलांच्या कामाचं काय होईल, सांगता येत न्हाई. तू म्हणशील तर तुझ्यावरचं तेवढं पुसून मी थांबते."

अंकुशनं हातातला पाना फडक्यानं पुसला. मग विचारलं, "त्याला काढणार का?"

"आधी त्याला बोलवणार. बसवणार. त्याचं ऐकणार."

तेव्हा मात्र तो उसळला. "त्याचं कावून ऐकायचं? माझं ऐकलं का तुमी?"

"न्हाई ऐकलं," बाई म्हणाल्या. "तेच चुकलं ना बाळा. तीच चूक त्याच्या बाबतीत परत कशी करू?"

अंकुश रफिकभाईंकडं बघत राहिला. रफिकभाई म्हणाले, "बाप तुझा गाडी हाकतो, बेटा. गाडी कुनाची बी हाकता येती."

"करा मग," अंकुश म्हणाला, आणि परत ट्रॅक्टरखाली गेला.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये बाई एकदाच बोलल्या. "त्यानं माफ केलं न्हाई. बरं केलं. लगेच माफ केलं असतं तर मला वाटलं असतं, झालं, सुटले."

दुसरी चौकशी सोपी नव्हती. बाईंनी प्राचार्यांना लेखी कळवलं की समितीनं दिलेला निर्णय चुकीच्या पद्धतीनं दिलेला आहे आणि अध्यक्ष म्हणून तो दोष त्यांचा आहे. असलं पत्र आल्यावर प्राचार्यांना ते दाबता येईना. ओंकारला बोलावणं गेलं. तो वडलांसह आला. मोठी गाडी, चार-पाच माणसं. वडील अगदी अदबीनं म्हणाले, "ताई, पोरांचं खेळणं असतं. तुमी-आमी कशाला मनावर घ्यायचं?" बाई तितक्याच अदबीनं म्हणाल्या, "साहेब, पालकांनी बाहेर थांबायचं असतं." ते थांबले. त्यांना असं कुणी थांबवलं नसावं. व्हरांड्यातल्या बाकावर ते फार अवघडून बसले होते.

ओंकार आत आला आणि न सांगताच खुर्चीत बसला. बाईंनी तक्रार वाचून दाखवली. तो म्हणाला, "वैभव आधी एक बोलला, आता एक बोलतो. त्याचं कुठलं खरं धरायचं?"

मला वाटलं, बाई चिडतील. त्या म्हणाल्या, "बरोबर विचारलंस. सर, त्याचा हा मुद्दा लिहून घ्या." आणि त्याला सांगितलं, "तुला कुणाला आणायचं असलं तर आण. सगळ्यांना विचारू. घाई न्हाई."

ओंकार गोंधळला. तो भांडायच्या तयारीनं आला होता, आणि भांडायला समोर कुणी नव्हतं.

त्यानं त्याचे दोन मित्र आणले. बाईंनी त्यांना वेगवेगळं विचारलं. पेट्या कुणी रचल्या, पंखा चालू होता का, दाराजवळ कोण होतं, वैभव पडल्यावर पहिल्यांदा त्याच्याजवळ कोण गेलं. त्या शेवटच्या प्रश्नावर दोघेही अडखळले आणि दोघांनीही खरं तेच नाव सांगितलं, अंकुशचं. तेवढ्या बाबतीत खोटं बोलणं त्यांनाही जमलं नाही.

मग बाईंनी ओंकारला परत बोलावलं. दोन्ही मित्र काय बोलले ते त्याला वाचून दाखवलं. "आता तू सांग. झालेलं सांग."

"मजेत चाललं होतं, मॅडम. पेटी सरकली."

"पेटीवर कुणी उभं केलं?"

बाहेर व्हरांड्यात त्याचे वडील फोनवर बोलत होते. त्यांचा आवाज आत येत होता. ओंकार तो ऐकत बसला. मग हळूच म्हणाला, "मी."

आणि लगेच, लहान पोरासारखा, "पप्पांना सांगू नका, मॅडम. मारतील."

बाईंनी त्याच्यापुढंही पाण्याचा पेला सरकवला. "सांगावं तर लागंल रे. पण तू आधी सांगितलंस तर बरं. मी शेजारी उभी राहते." आणि खरंच, त्या त्याच्याबरोबर व्हरांड्यात गेल्या आणि बाप-लेकाच्या मध्ये उभ्या राहिल्या. बापानं हात उचलला नाही. बाईंकडं मात्र असं बघितलं की पुढं काय होणार ते मला तिथंच कळलं.

समितीनं शिफारस केली: अंकुशची शिक्षा रद्द, ओंकारला हॉस्टेलमधून आणि एका वर्षासाठी कॉलेजातून काढावं. पहिली शिफारस मंजूर झाली. दुसरी 'विचाराधीन' राहिली. ती विचाराधीन असतानाच ओंकारचा दाखला निघाला आणि तो पुण्याच्या कुठल्याशा कॉलेजात गेला. दाखल्यावर 'वर्तणूक चांगली' असं लिहिलेलं होतं. अंकुशच्या वडलांची नोकरी त्याच महिन्यात गेली. त्यांनी पुढं कुणाशी तरी भागीत एक जुना टेम्पो घेतला.

अंकुशची शिक्षा रद्द झाल्याची नोटीस फलकावर लागली. बाईंचं म्हणणं होतं, पहिली वर्गात वाचली तशी हीही वाचली पाहिजे. प्राचार्य म्हणाले, त्याची गरज नाही. तेव्हा बाई ज्या ज्या वर्गावर भूगोल शिकवायला जायच्या तिथं आधी ती वाचायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "ही चूक माझी होती." पोरं चिडीचूप ऐकायची. मग त्या फळ्याकडं वळून खडू उचलायच्या.

वर्ष संपायच्या आत बाईंची बदली झाली. संस्थेचं एक कनिष्ठ महाविद्यालय जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, तिथं. भूगोलाचा तास तिथं जेमतेम असायचा. समितीत नवे अध्यक्ष आले. ते काम झटपट उरकतात. प्राचार्य त्यांच्यावर खूश असतात. बाई माडी न सोडता निवृत्तीपर्यंत तिथं एसटीनं जा-ये करत राहिल्या. तक्रार केली नाही. मी एकदा तावातावानं काही बोललो, तर म्हणाल्या, "सर, माझं एका परीनं बरं झालं. तिथली पोरं लहान हायत, अजून फारसं काही करत न्हाईत."

शिक्षा रद्द झाली तोवर परीक्षेचे अर्ज भरायची मुदत गेली होती. अंकुशनं ते बुडालेलं वर्ष दुसऱ्या वर्षी भरून काढलं. तो पास झाला. वर्गात तो कधी बसला नाही, फक्त पेपरला यायचा आणि गॅरेजला परत जायचा. वैभव आमच्याच कॉलेजात शिकत होता. ते दोघं परीक्षेच्या वेळी एकाच व्हरांड्यातून जाताना मी पाहिलंय. वैभव थांबायचा. अंकुश थांबायचा नाही.

निवृत्त झाल्यावर बाईंनी चौसाळ्याला भावाजवळ जायचं ठरवलं. तिथं त्या फार दिवस जगल्या नाहीत. किडनीचं दुखणं निघालं आणि त्या गेल्या. मला फोन आला तेव्हा मी परगावी होतो, मातीला पोचू शकलो नाही. त्यामुळं माझ्या लेखी बाई गेल्या, त्या आमचं गाव सोडलं त्याच दिवशी.

त्या दिवशी सकाळी मी त्यांच्या माडीवर गेलो तर खाली टेम्पो उभा होता. अंकुशचे वडील टपावर दोर बांधत होते. बाई जाणार असं त्यांना कुठून तरी कळलं होतं आणि कुणी न सांगता ते आले होते. अंकुश वरखाली करत सामान उतरवत होता. बाई दारात उभ्या राहून "अरे, राहू दे, हमाल येणार हायत," म्हणत होत्या, आणि त्यांचं कुणी ऐकत नव्हतं.

शेवटी पुस्तकांचं लोखंडी कपाट राहिलं. अंकुशनं ते एकट्यानं हलवून बघितलं. हललं नाही. मी पुढं होणार तेवढ्यात जिन्यातून वैभव वर आला. तो बाईंना भेटायला आला होता, हातात एक रोपटं होतं कसलंसं. अंकुशला बघून तो जागीच थांबला.

बाई दोघांकडं बघत होत्या.

वैभवनं रोपटं भिंतीशी ठेवलं आणि कपाटाच्या एका बाजूला जाऊन हात घातला. त्याचा उजवा हात कोपरात वाकडाच राहिलेला. अंकुश त्या हाताकडं बघत राहिला. मग गोल फिरून खालच्या बाजूला गेला, जिथं सगळं वजन येतं तिथं, आणि कपाट छातीशी घेतलं.

"धरलंय का?" त्यानं विचारलं.

"धरलंय."

अंकुश पाठमोरा, एक एक पाऊल चाचपत जिना उतरू लागला. वैभव वरून सांगत होता. बाई पदर खांद्यावरून घेऊन कठड्याशी उभ्या होत्या. खालून अंकुशचा आवाज आला, "दमानं. हात दुखला तर सांग, थांबू."

"न्हाई दुखत," वैभव म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "अजून दोन पायऱ्या हायत, दादा."